मोहाच्या दिवसांतलं एक ‘नको’

परवा सकाळी भाकरीचं पीठ मळत होते आणि खिडकीतून तो वास आत आला. मोहाचा. ज्यांनी घेतला नाही त्यांना कसा सांगायचा? गोड म्हणावा तर आंबूस, आंबूस म्हणावा तर फडताळात विसरून राहिलेल्या गुळासारखा. पहिल्यांदा बरा वाटतो, मग कपाळात चढतो. फाल्गुन सरत आला की आमच्या टोकावड्याच्या मागच्या डोंगरावरून तो पहाटे खाली उतरतो आणि ऊन तापलं की पुन्हा वर जातो. सून म्हणाली, “आई, खिडकी लावू का? डोकं धरलंय माझं.” मी म्हटलं, लाव. तिनं लावली. थोड्या वेळानं मीच उठून उघडली. या दिवसांत सासू जरा अशीच असते हे तिला आता ठाऊक झालंय.

चौथा मोसम आहे हा. म्हणजे मोह माझ्या जन्मापासून फुलतोयच, पण मी मोजते ते त्या मोसमापासून.

मोहाचं फूल रात्रभर पिकतं आणि उजाडताना गळतं. इतर फुलं झडतात, वाऱ्यावर जातात. हे जड असतं, टप्पकन पडतं. मोहाखाली पहाटे उभं राहिलं की वाटतं, कुणीतरी हळूहळू चालतंय. वाडीतल्या बाया आधीच येऊन झाडाखालचा पाला जाळून जागा काळी करून ठेवतात, म्हणजे त्या काळ्यावर पिवळसर फुलं नीट दिसतात, वेचायला सोपी जातात. आणि एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. जंगल सरकारचं असलं तरी मोह घरांचे असतात. कुठल्या कागदावर नाही, पण वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, हा मोह अमक्याचा, तो तमक्याचा. दुसऱ्याच्या मोहाखाली कुणी वाकत नाही. फुलं कुजली तरी नाही.

मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. आमच्या गावातली निम्मी आणि वरच्या ठाकरवाडीतली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली. शाळा माझी सातवीपर्यंतच, पण वाचायचा नाद भारी. सामान बांधून आलेला कागदसुद्धा मी दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे. निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत घर अंगावर यायला लागलं. तेवढ्यात एका संस्थेची माणसं आली. मनाच्या दुखण्यावर बोलून उपाय करणारी तरुण मुलं-मुली ते शिकवून तयार करत होते आणि शिकतानाच त्यांना खेड्यापाड्यांत पाठवत होते. आमच्याकडे येणाऱ्या मुलीसोबत हिंडायला, वाडीची बोली तिला समजावून द्यायला बाई हवी होती. मी म्हटलं, येते.

मुलगी आली ती सायली. डोंबिवलीची, चोवीस वर्षांची, पाठीवर सॅक, हातात जाड वही. बोलणं इतकं मऊ की पुढं वाकून ऐकावं लागायचं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “मावशी, एक सांगू? रागावणार नाही ना? त्या जे बोलतील तेवढंच मला सांगायचं. मधे आपलं काही घालायचं नाही. आमच्या मॅडमनी सांगितलंय.”

“घालणार नाही,” मी म्हटलं. “मिठाशिवाय वाढते.”

ती हसली. पण मी ते फार मनावर घेतलं. तीस वर्षं वरून आलेली सूचना पाळण्यात गेली होती. ती सवय काही निवृत्त होत नाही.

वाडीनं तिचं नाव ठेवलं ‘बोलायची पोरगी’. एक म्हातारी तर तिच्या तोंडावरच मला म्हणाली, “काय गो ताई, हिला दादला नाय, पोर नाय, ही काय सांगल आमाला?” सायलीनं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, तुझं लग्न झालंय का विचारतायत. एवढं मीठ मी त्या दिवशी घातलं.

आम्ही जिच्यासाठी वाडीवर जायला लागलो ती सोमी. चांगोची बायको. तिची मुलगी रंजना, वाडीत तिला रंजी म्हणायचे, आदल्या पावसाळ्यात गेली. तेरा वर्षांची. तीन दिवस ताप आला, ओढ्याला पाणी होतं, उतरेपर्यंत उशीर झाला. माझ्याच अंगणवाडीत होती ती लहानपणी. खाऊ वाटताना दोन्ही हात पुढं करायची, एका हातावर ठेवलेलं तिला पटायचं नाही. रंजी गेली तेव्हापासून सोमीनं तिचं नाव घेतलं नव्हतं. काम करायची, पाणी भरायची, भाकरी भाजायची, चांगोला वाढायची. बोलायची नाही. आणि स्वतःच्या पोटात घास जेमतेम. वर्ष व्हायला आलं होतं आणि ती हाडांची मोळी झाली होती. आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईनं तिचं नाव संस्थेला दिलं ते त्यामुळंच. ही बाई बोलली नाही तर जाईल, एवढं वाडीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

सुरुवातीला सायलीनं तिला अंगणवाडीच्या खोलीत बोलावलं. दार लावायचं, कुणी ऐकायला नको, समोरासमोर दोन खुर्च्या, पाऊण तास. असंच शिकवलेलं. सोमी आली. भिंतीवर केळं, पेरू, सीताफळाची चित्रं, आणि त्यांच्या खाली ती खुर्चीच्या टोकावर बसलेली, पदर तोंडावर, डोळे दाराच्या कडीवर.

“कसं वाटतंय तुम्हाला?” सायली विचारायची, मी वाडीच्या बोलीत विचारायची.

“बरं हाय.”

“झोप लागते?”

“बरं हाय.”

तीन वेळा तेच झालं. बाहेर बाया जमायच्या. एकीनं मला अडवलंच, “दार लावून काय करताव गो तिला?” वाडीत दार लावून बाईला आत बसवतात ते बाळंतपणात, नाहीतर अंगात काही शिरलं म्हणून भगत बसतो तेव्हा. ह्यातलं कोणतं, हे त्यांना कळत नव्हतं. हे मी सायलीला सांगितलं नाही. सोमी हे बोलली नव्हती ना. मला सोमीचंच सांगायचं होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी सायलीच्या मॅडम फोनवर दिसायच्या. त्या पुण्याच्या. अशा शिकाऊ मुलांनी आठवडाभर काय केलं, कुठं अडलं, हे त्या ऐकून घ्यायच्या आणि वाट दाखवायच्या. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर, म्हणून आम्ही दोघी तिथं चढून बसायचो. मधेच चित्र अडकायचं आणि मॅडम तोंड उघडं ठेवून तशाच थांबायच्या. “बघ, तुझ्या मॅडमला पण शब्द सुचेना,” मी म्हणायची. सायली फोन आडवा करून हसायची. पण मॅडम चांगल्या होत्या. घाई नव्हती त्यांना. सायलीनं वहीत लिहिलं होतं की सोमी सहकार्य करत नाही. ते वाक्य मॅडमनी तिला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, “असं लिहू नकोस. लिही, की मला तिच्यापर्यंत पोचता आलं नाही.” मला ते फार आवडलं होतं.

मग मीच सायलीला म्हटलं, खोलीत नको, मोहाखाली जाऊ. कारण मी पाहिलं होतं. सोमी रोज पहाटे रंजीच्या मोहाखाली जायची. रंजी जन्मली तेव्हा चांगोच्या बापानं ओढ्याकाठचा एक मोह तिच्या नावानं केला होता, हा पोरीचा म्हणून. सोमी त्याच्याखालचा पाला झाडायची, जाळायची, जागा काळीभोर करायची. आणि मग नुसती बसून राहायची. एक फूल वेचायची नाही. दुपारपर्यंत ती फुलं तांबडी पडायची, मुंग्या लागायच्या. वाडीतलं कुणी हात लावत नव्हतं. शेळ्यासुद्धा तिकडं वळू देत नव्हते.

मॅडमनी मोहाखाली जायला हो म्हटलं. पण बजावलं, “सायली, जा, शेजारी बस. मात्र त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. खाणं, वस्तू, काही नाही. देणंघेणं सुरू झालं की मदतीचं नातं बदलतं. सुरुवातीला तर अगदी कटाक्षानं पाळ.”

नियम वाईट नव्हता. गरजू माणसानं आपल्याला काही द्यावं आणि आपण घेत जावं, हे कुठंतरी वाकडं वळतंच. पण तो नियम जिथं तयार झाला, तिथल्या घरांत कुणी पाणी नाकारलं तर त्याचा अर्थ एवढाच असतो की तहान नाही.

आठ सकाळी आम्ही मोहाखाली बसलो. सायलीला बोलायची घाई व्हायची, मी तिला हळूच चिमटा काढायची. फुलं आमच्या डोक्यावर, खांद्यावर पडायची. चौथ्या दिवशी एक सायलीच्या वहीवर पडलं आणि पानावर चिकट डाग उमटला. सोमीनं पदराच्या टोकानं तो पुसला. सहाव्या दिवशी तिनं सायलीकडं बघून मला विचारलं, “ही पोर नखं का खाते?” ते मी सायलीला सांगितलं. सायलीनं पटकन हात मांडीखाली घातले आणि सोमीच्या तोंडावर काहीतरी हललं. त्याला हसू म्हणणार नाही मी. पण वर्षभरात तेवढंही नव्हतं.

नवव्या सकाळी आम्ही पोचलो तर सोमी वाकलेली होती. रंजीच्या मोहाची फुलं वेचत होती. ओंजळभरच. मी सायलीचं मनगट धरलं आणि दोघी तिथंच उभ्या राहिलो. तिनं तीन दगड लावले, काटक्या पेटवल्या, ओढ्याच्या पाण्यात फुलं धुतली आणि खापरावर भाजली. भाजली की मोहाची फुलं मऊ होतात, मनुक्यासारखी. मग घरून आणलेल्या जर्मनच्या ताटलीत ती घेऊन आमच्यासमोर आली, ताटली पुढं केली आणि म्हणाली,

“रंजीला लई आवडायची. घ्या.”

वर्षानं घेतलेलं नाव.

सायली गोंधळली. तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण शिकवलेलं होतं ते आधी तोंडात आलं. “नको नको,” ती म्हणाली. “मावशी, त्यांना सांगा ना, आम्हाला नाही घेता येत.”

आणि मी सांगितलं. “नको गो सोमे,” मी म्हटलं, “आमी घेत नाय.”

आता इथं मला थांबायला हवं, कारण जे लिहायचंय ते ह्याच्या पुढचं आहे. आमच्या घरात ठाकरवाडीचं पाणी घेत नसत. असं कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. माझी आई वाडीवर भाताच्या कामाला बाया सांगायला जायची आणि कुणी तांब्या पुढं केला की म्हणायची, “नको गो, आमी घेत नाय.” हसून म्हणायची. आजीही तसंच म्हणायची. मी अंगणवाडीला लागले, मीटिंगांना गेले, सगळी माणसं सारखी हे पोरांकडून म्हणून घेतलं. आणि तीस वर्षं वाडीवर जाताना खांद्याच्या पिशवीत घरची पाण्याची बाटली ठेवली. कुणी विचारलं तर सांगायची, गार पाणी बाधतं मला. कुणी विचारलं नाही कधी. वाडीला बाटली कळत होती.

मी सांगू शकले असते की ही पोर घेत नाही ती तिच्या हापिसाचा नियम आहे म्हणून. मी म्हणू शकले असते, तिला नको, मला दे. माझ्यावर कुठं नियम होता? पण माझ्या तोंडातून आईचं वाक्य आलं, आईच्याच सुरात. सोमीनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या बाटलीकडं पाहिलं. मग सायलीकडं, म्हणजे ही पण तसलीच, असं. रागावली नाही. राग मला सोसला असता. तिनं ताटली जमिनीवर उलटी केली, पायानं विस्तव विझवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभरात रंजीच्या मोहाखाली पाला साठला आणि पडलेली फुलं दिसेनाशी झाली. आम्ही घरी गेलो की ती मागच्या दारानं जायची. चांगो ओशाळून म्हणायचा, “डोकं दुखतं तिचं.”

गुरुवारी टाकीच्या चौथऱ्यावर सायली मॅडमना म्हणाली, “माझं काय चुकलं?” मॅडमनी त्या सकाळचं सगळं पहिल्यापासून विचारलं. सायलीनं नीट सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “नाकारताना तुझा आवाज कसा होता?” मऊ होता, सायली म्हणाली. मग त्यांनी विचारलं, “मावशी आहेत का तिथं? मावशी, तुम्हाला काय वाटतं?”

मला विचारलं होतं. पहिल्यांदाच मला माझं विचारलं होतं. आणि मी म्हटलं, “नाही हो, पोरीनं नीट केलं. सोमीचंच मन फिरलं असेल.”

असे तीन गुरुवार गेले. दर गुरुवारी सायली स्वतःला उकरत बसायची. आपण घाई केली का, आपले डोळे भरले ते तिला आवडलं नाही का, आपण शहरातल्या म्हणून का. वहीत पानंच्या पानं. मी शेजारी बसून पाय हलवत खाली रस्त्यावरची घाटाकडं जाणारी एसटी बघायची. खरं कारण माझ्या पिशवीत होतं. ते सांगायचं म्हणजे तीस वर्षं उघडी करायची. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. चांगल्या बाईचं नाव होतं माझं.

चौथ्या बुधवारी सायली सॅक भरताना दिसली. “मावशी, मला हे काम जमणार नाही,” ती म्हणाली. “मी मॅडमना कळवतेय. माझ्यामुळं ती बाई पुन्हा बंद झाली.” नखं खाऊन बोटांची टोकं लाल झाली होती पोरीची. तिथं, तिच्या अर्ध्या भरलेल्या सॅकच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं. आई, आजी, बाटली, सगळं.

तिनं सॅक बाजूला सारली. ओरडेल वाटलं. मग म्हणाली, “त्या दिवशीच का नाही सांगितलंत? आपण दुसऱ्या दिवशी जाऊन खाल्लं असतं ना.”

मी सॅकमधले कपडे परत बाहेर काढायला लागले.

टाकीवर चढून तिनं माझ्यादेखत मॅडमना फोन केला. मग मॅडम म्हणाल्या, “नियम मी दिला होता. तिथं कोण कुणाच्या घरचं पाणी पितं, हे मी आधी विचारायला हवं होतं. मी येते.”

शनिवारी त्या आल्या. माझ्याच वयाच्या, गुडघ्यानं बेजार, तरी वाडीचा चढ चढल्या. सोमीचं दार बंद होतं. चांगो म्हणाला, माहेरी गेली, भावाकडं. माहेर उंबरमाळीच्या पलीकडं, जंगलातल्या एका वाडीत. आम्ही तशाच गाडीत बसलो. मुरबाड, किन्हवली, शहापूर करत दुपार कलताना पोचलो. वाटेत पळस संपले होते, करवंदीच्या जाळ्यांना हिरवी फळं धरली होती. गाडीत मॅडमनी एकदाच मला विचारलं, “शेवंताताई, तुम्ही येताय ते सोमीसाठी ना?” मी हो म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली.

सोमीची भावजय अंगणात नाचणी पाखडत होती. सोमी आत आहे म्हणाली. पण येत नाही म्हणते. आम्ही तिघी अंगणात बसलो. ऊन टळटळीत, घसा सुकलेला. घरी माणूस आलं की वाडीत आधी पाण्याचा तांब्या येतो. तिथं आला नाही. भावजयीनं सूप खाली ठेवलं, आमच्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाली,

“पानी इचारलं नाय. तुमी घेत नाय ना काय.”

मी म्हटलं, “दे गो बाय. घेते.”

तिनं आणलं. मी प्यायले, मॅडम प्यायल्या, सायली प्यायली. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, “गोड हाय पानी.” आतून काही आवाज आला नाही. भिंत कुडाचीच होती, माणूस पलीकडं श्वास घेत असलं तरी कळावं. सोमी ऐकत होती. तासभर बसलो आम्ही. शेवटी मॅडम उठल्या, कुडाजवळ गेल्या आणि मला म्हणाल्या, सांगा त्यांना. मी सांगितलं, की चूक आमची होती, पोरीची नाही, तुझी तर मुळीच नाही. कुडापलीकडं बांगडी वाजली, एकदाच. एवढंच.

परतीच्या वाटेवर मला हलकं वाटत होतं, हे मी लपवणार नाही. आणि तेवढ्यानंच मला कळलं की ते पाणी मी माझ्यासाठी प्यायले. सोमीला त्याचा काय उपयोग झाला?

भाद्रपदात सोमी वारली, भावाच्या घरीच. अन्न तुटलं होतं, बारीकसा ताप आला आणि तिनं अंग टाकून दिलं. मी तिकडं पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

सायलीनं काम सोडलं नाही. दुसऱ्या तालुक्यात असते. मॅडमनी शिकवण्याची रीत बदलली. आता नवीन मुलं आली की पहिले आठ दिवस त्यांना कुणाशी ‘उपचार’ म्हणून बोलूच देत नाहीत. नुसतं हिंडायचं, कामात हात घालायचा, मिळेल ते खायचं. गुरुवारच्या बोलण्यात माझ्यासारख्या सोबतिणींना आधी विचारतात, मग मुलांना. आणि दरवर्षी मोहाच्या दिवसांत मॅडम ती मुलं माझ्या ओसरीवर आणून बसवतात. “ताई, सांगा,” म्हणतात. मी सांगते. बाटलीसकट सांगते. मुलं वहीत लिहितात. एका मुलानं विचारलं होतं, मग पुढं काय झालं? मी म्हटलं, लिही बाबा, वारली. त्याचं पेन थांबलं. बरं वाटलं मला ते थांबलेलं बघून.

आणि हे सगळं आज लिहायला बसले ते चांगोमुळं. मंगळवारी आला होता. धसईला भाजी घालून परतताना मधेच उतरला, वाडीचा चढ पुढच्या थांब्यापासून लागतो तरी. पार वाळलाय. ओसरीवर टेकला, इकडचं तिकडचं बोलला, उन्हाचं, मोह ह्या वर्षी कमी आल्याचं. मग म्हणाला,

“ताई, एक इचारू? ती पोरगी वहीत लिवायची ना? सोमी बोलायची ते?”

“हो, लिहायची.”

“मंग जरा वाचून दावाल काय? माझ्याशी ती रंजीचं कदी बोलली नाय. मी म्हनायचो, नको बोलूस, तिकडं मोहाखाली त्या बायांशी बोलते हाय, पोट मोकळं करते हाय. तेवढंच बरं वाटायचं. काय काय बोलली, तेवढं एकदा आयकायचं हाय.”

माझ्या हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं. एवढी वर्षं हा माणूस त्या आठ-नऊ सकाळींवर जगला होता. तो समजत होता, तिथं सगळं बोलून झालंय आणि कुठंतरी लिहून ठेवलंय.

“चांगो,” मी म्हटलं, “एकच वाक्य बोलली रे. भाजलेली फुलं घेऊन आली आणि म्हणाली, रंजीला लई आवडायची, घ्या.”

“मंग?”

“मग काही नाही. मग आम्ही घेतली नाहीत.”

का, ते सांगितलं. सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता, पायाच्या अंगठ्यानं शेणाच्या जमिनीवर रेघ ओढत. ऐकून म्हणाला, “आवडायची खरी रंजीला.”

मग मला सुचलं, जे वहीवाल्यांनाही सुचलं नव्हतं, मॅडमनाही नाही. पोर तर ह्याचीही होती. आम्ही पाच-सहा आठवडे त्या घरी गेलो, ह्यानं आम्हाला वाट दाखवली, बसायला घोंगडी टाकली, आणि त्याला कुणी काही विचारलं नाही.

“चांगो, तुझं तू सांग ना,” मी म्हटलं.

“आता काय सांगायचं, ताई. बस हाय माझी.”

बस अजून तासाभरानं होती, दोघांनाही माहीत होतं. तरी तो उठला. मी चपला घातल्या आणि फाट्यापर्यंत त्याच्यासोबत गेले. रस्ता तापलेला, ढाब्यावरच्या भट्टीचा धूर अंगावर येत होता. फाट्यावर वडाच्या सावलीत उभे राहिलो. तो घाटाच्या बाजूला बघत होता.

“पवायची लई भारी,” तो म्हणाला.

“कोण, रंजी?”

“नाय. सोमी.” त्यानं पिशवी खाली ठेवली. “लगीन ठरलं तवा मी बगायला गेलो, तं घरात नाय ही. भाऊस म्हनतो, नदीवर आसंल. मी गेलो. तं डोहात एकटीच, पोरांसारकी, कासोटा घालून. मला बगून बाहेर यायाच्या बदली खालीच गेली. लई येळ वरच येईना. मी घाबरलो, ताई. मी काठावरनं वरडायला लागलो, आनि ही पल्याडच्या काठाला निंगून, दगडावर बसून, हसते हाय…”

बस आली. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. चांगो अजून त्या डोहाच्या काठावरच उभा होता, आणि मी त्याला मधे थांबवलं नाही.